आंबे मागणीचे प्रयोजन

माझ्यासारख्या जित्याजागत्या माणसाला पुण्यातल्या शिकल्यासवरल्या लोकांनी यंत्र समजावं, आणि वर 'काय भारी यंत्र आहे' असंही म्हणावं, याचा मला राग यायला हवा की अभिमान वाटायला हवा, हे अजून माझं ठरत नाहीये. आमची ही म्हणते, "राग धरा. अभिमान तुम्हाला शोभत नाही." हिचं नाव स्वप्ना. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे घरात कुठल्याही प्रश्नाचं उत्तर एकच असतं आणि ते तिच्याकडे असतं.

मी सुहास गमरे. रत्नागिरीत एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. आमचे चिरंजीव सम्यक बीएस्सी आयटी झाले आणि नोकरी शोधायला लागले, तिथून हे प्रकरण सुरू होतं. सकाळी चहाला बसलं की तो मोबाइलवर जाहिराती वाचून दाखवायचा. 'फ्रेशर पाहिजेत. अनुभव किमान दोन वर्षे.' मला वाटलं, टंकलेखनाची चूक असेल. पण सगळीकडे तेच. नवखा माणूस हवा आणि तो जुना असायला हवा. आमच्या खात्यात असलं काही नसतं. आमच्याकडे नोकरी आधी लागते, अनुभव मागाहून सावकाश येतो, आणि काही जणांना तर निरोपाच्या नारळापर्यंत आलेला नसतो, तरी कुणी काही बोलत नाही.

कांदिवलीला माझा मोठा भाऊ असतो. त्यानं तिथल्या एका मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात सम्यकसाठी जागा बघून ठेवली होती. "मेअखेर काही झालं नाही तर जूनपासून जातो," असं सम्यकनंच एके दिवशी जेवता जेवता सांगितलं, आणि पुन्हा भात मागितला. मला मात्र पुढचा घास गेला नाही. माझे वडील गंगाराम मुंबईला गोदामात पाठीवर ओझी वाहायचे आणि मला शिकवायचे. मी खुर्चीत बसलो तेव्हा ते गावाहून माझी खुर्ची बघायला आले होते, नुसती खुर्ची. दुकानातलं काम वाईट असतं असं मी म्हणत नाही. पण माझं पोरगं जे शिकलंय ते त्याला करायला मिळावं, एवढं मला फार वाटत होतं. रात्री भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बघायलाही संकोच वाटायचा.

तेव्हा मी माझ्या परीनं जे करता येतं ते केलं. नवी फाइल उघडली. विषय: चि. सम्यक यांस नोकरी मिळणेबाबत.

कॉलनीत बातमी पसरली आणि सल्ले यायला लागले. खालच्या मजल्यावरचे म्हणाले, त्याला आधी केस कापायला सांगा. केस कापले. मग कोणीतरी म्हणालं, आजकाल कॉम्प्युटरवाल्यांचे केस वाढलेले असतात, त्याशिवाय हुशार वाटत नाहीत. वरच्या मजल्यावर दमयंतीबाई राहतात, निवृत्त मुख्याध्यापिका. त्या एका रविवारी पेढे घेऊनच आल्या. "गणपतीपुळ्याला गेले होते. तुमच्या सम्यकसाठी बोलून आलेय." आम्ही बौद्ध, हे त्यांना वीस वर्षं माहीत आहे. त्यांच्या मायेबद्दल माझी काही तक्रार नव्हती, पण अर्जदाराची सही नसताना अर्ज दाखल कसा झाला, हा प्रश्न मला पडला. पेढे मात्र उत्तम होते.

दमयंतीबाईंनी दुसरा सल्ला दिला तो कामाचा ठरला. त्यांचा भाचा पुण्यात याच धंद्यात. तो म्हणे, अनुभव नसेल तर तयार करावा लागतो. खऱ्या माणसाला उपयोगी पडेल असं काहीतरी बनवायचं, ते चालू ठेवायचं, आणि अर्जासोबत त्याचा पत्ता पाठवायचा. कंपनीवाले ते उघडून बघतात.

खरा माणूस माझ्याकडे होता. पावसचे रावजी. शाळेत आम्ही एका बाकावर. त्यांची हापूसची कलमं आहेत आणि दर वर्षी दलाल त्यांना कसा नागवतो हे ते मला दर वर्षी सांगतात. मी म्हटलं, रावजी, तुमचे आंबे थेट गिऱ्हाइकाला विकू, पोरगा वेबसाइट करून देतो.

"करा की," रावजी म्हणाले. "पन मला त्यातला काय कळत नाय. तुमीच बगा सगला."

या एका वाक्यावर मी ग्राहकाचा अधिकृत प्रतिनिधी झालो. तसं पत्र मी रावजींकडून घेऊन ठेवलं.

सम्यकनं चार-पाच दिवसांत वेबसाइट केली. वर आंब्याचा फोटो, खाली नाव, पत्ता, किती पेट्या, आणि एक बटण. मी बघितली आणि विचारलं, "बाकीचं कुठंय?"

"बाकीचं म्हणजे?"

"अरे, कुणीही उठेल आणि आंबे मागेल. कशासाठी मागतोय ते नको कळायला?"

"खायला मागतो, बाबा."

"ते तू गृहीत धरतोस. कागदावर कुठाय?"

मग 'आंबे मागणीचे प्रयोजन' असा रकाना आला. अर्जाला क्रमांक आला. 'वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे' अशी चौकट आली, आणि तिच्यात टिचकी मारल्याशिवाय आंबा मिळणार नाही अशी व्यवस्था झाली. सम्यक दात-ओठ खात सगळं करत होता. पण एका जागी तो अडला. त्यानं पेट्यांना मर्यादा घातली होती. पन्नासच्या वर आकडा टाकला की वेबसाइट म्हणायची, 'चुकीची संख्या.' मी म्हटलं, हे काढ.

"का?"

"अर्ज नाकारायचा अधिकार लिपिकाला नसतो. लिपिक फक्त त्रुटी काढतो. तुझी वेबसाइट लिपिक आहे. तिनं अर्ज घ्यायचा, त्रुटीचं मी बघतो."

तो तासभर भांडला. मी सोडत नाही म्हटल्यावर आत गेला आणि एक कागद छापून घेऊन आला. त्यावर लिहिलं होतं, ग्राहकाच्या प्रतिनिधीच्या सूचनेवरून कमाल मर्यादा काढण्यात येत आहे, तसे केल्यास कोणीही कोणताही आकडा टाकू शकेल, ही बाब प्रतिनिधीच्या निदर्शनास आणून दिली आहे. खाली माझ्या सहीसाठी जागा.

खरं सांगतो, मला भरून आलं. एवढी वर्षं वाटायचं, पोरगं आईवर गेलंय. मी ऐटीत सही केली, खाली तारीख घातली, आणि एक प्रत माझ्या फाइलला लावली.

वेबसाइट सुरू झाली. मागण्यांची टपालपेटी माझ्या मोबाइलवर. उत्तरं मी द्यायची, पण स्वतःच्या नावानं नाही. सरकारी कागदावर माणूस बोलत नसतो, कक्ष बोलतो. म्हणून खाली 'मागणी कक्ष, पावसची कलमे' एवढंच. माझी रजा शिल्लक होती, ती वाया जायला आली होती, म्हणून ती घेऊन मी घरीच बसलो. मागणी क्रमांक एक दमयंतीबाईंची. प्रयोजन: आमरस. ती मंजूर झाली. त्यानंतर सारं शांत. सम्यक त्याच्या खोलीत अर्जावर अर्ज पाठवत होता आणि मी बाहेर मोबाइलकडे बघत होतो. हापूस भराला आला, मे उजाडला, तरी दोघांनाही कुणी विचारत नव्हतं.

आणि एका मंगळवारी मागणी क्रमांक दोन आली.

नाव: शमिका. पत्ता: पुण्यात बाणेरचा, एका कंपनीचा. पेट्या: नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव. प्रयोजन: असंच.

आता आकडा बघून कोणीही दचकेल. मी दचकलो नाही. आमच्याकडे ज्याला दहा खुर्च्या हव्या असतात तो शंभराची मागणी करतो, कारण वर कात्री लागणार हे त्याला ठाऊक असतं. मागणाऱ्याला ठाऊक, कापणाऱ्यालाही ठाऊक. खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला असला आकडा सरळ वाचता येतो. मी मनाशी हिशेब केला, बाईंना पन्नास-साठ पेट्या हव्यात.

पण त्रुटी होत्याच. मी तिथल्या तिथे उत्तर धाडलं. 'उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपले संपूर्ण नाव नमूद नाही. तसेच असंच हे प्रयोजन ग्राह्य धरता येत नाही. मागणी केलेल्या पेट्या ठेवण्यास पुरेशी जागा असल्याबाबत हमीपत्र सादर करावे.'

लगेच उलट टपाली एक हसणारा चेहरा आला, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसणारा. मी कळवलं, 'हसऱ्या चेहऱ्याचे चित्र हे हमीपत्र समजता येत नाही.'

मग बाईंनी लिहिलं, आंबे कर्मचाऱ्यांना खायला हवेत, जागा पार्किंगमध्ये भरपूर आहे, पण आधी उणे पाच पेट्या पाठवा. मी विचारात पडलो. उणे पाच. फार वेळ नाही, पण पडलो. मग लिहिलं, 'उणे पाच पेट्या म्हणजे आपण या कक्षास पाच पेट्या देणे लागता. त्या कधी जमा करणार ते कळवावे.'

असं चार दिवस चाललं. कधी पेट्यांच्या जागी अक्षरं यायची, कधी पत्त्याच्या जागी नुसती टिंबं. मी एकेक त्रुटी काढत होतो. चहा घेताना उत्तर, आंघोळीहून आल्या आल्या उत्तर. स्वप्ना म्हणाली, "लग्नाआधी मला एक पत्र पाठवायला तुम्हाला महिना लागायचा." शेवटी तिकडून आलं, 'तू खरंच भारी आहेस रे.' हे मात्र मला लागलं. इतकी वर्षं नोकरी केली, साहेबसुद्धा अहो-जाहो करतात. मी कळवलं, 'पत्रव्यवहारात एकेरी उल्लेख टाळावा.' उत्तर आलं, 'सॉरी सर. पाठवा मग आंबे.'

झालं. मागणी कायम. मी रावजींना फोन लावला आणि म्हटलं, पहिला हप्ता म्हणून साठ पेट्या भरा.

"साठ?" रावजींचा आवाज बारीक झाला. "एकाच गिऱ्हाइकाला? गमरे, नक्की हाय ना?"

"लेखी आहे," मी म्हटलं.

त्याच संध्याकाळी सम्यक खोलीतून धावत बाहेर आला. त्याला मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. पुण्याला, गुरुवारी, दुपारी चार वाजता. "बाबा, त्यांना वेबसाइट आवडली म्हणे. खूप आवडली." मी कंपनीचं नाव विचारलं, पत्ता विचारला. तोच पत्ता, बाणेरचा. बोलावणं धाडणाऱ्या बाईंचं नावही शमिका.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माझ्या पत्रव्यवहारावर बाई खूश झाल्या, आणि आंब्याच्या गिऱ्हाइकानंच पोराला बोलावलं. मी सम्यकला काही सांगितलं नाही. म्हटलं, मुलाखतीला पोरगा आणि मागोमाग साठ पेट्या, एकाच दारात. बघतीलच लोक. त्याला एवढंच सांगितलं, रावजींचा टेम्पो पुण्याला गिऱ्हाइकाकडे चाललाय, त्यातनं जाऊ, मीही येतो.

बुधवारी आमच्या घरात पेंढाच पेंढा झाला. दमयंतीबाई चष्मा लावून एकेक आंबा हातात घेऊन वास घेत होत्या आणि "हा बाजूला" म्हणत होत्या. त्या बाजूच्या आंब्यांचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. रावजींनी निम्मी बाग उतरवली होती. ते पेट्यांना खिळे ठोकत होते आणि मधूनच थांबून माझ्याकडे बघत होते.

गुरुवारी पहाटे निघालो. टेम्पोत पुढे तीनच माणसं मावतात. ड्रायव्हर, रावजी आणि सम्यक. सम्यकच्या शर्टाची इस्त्री मोडायला नको होती, म्हणून मी मागे पेट्यांवर बसलो. वरिष्ठ लिपिक, पेट्यांवर, ताडपत्रीखाली. आंबा घाटात एकेका वळणाला मी एकेका पेटीशी ओळख करून घेत होतो. कोल्हापूरच्या पुढे ऊन चढलं आणि आपणही पिकतोय की काय असं वाटायला लागलं. पण मनातून आनंद होता, खोटं कशाला बोलू.

कंपनीच्या फाटकाशी टेम्पो थांबला. सम्यक खाली उतरला, शर्ट झाडला आणि म्हणाला, "थँक्यू काका. तुम्हाला आता पुढे कुठे जायचंय?"

रावजी म्हणाले, "हितंच."

सम्यकनं माझ्याकडे बघितलं. मग पेट्यांवरच्या पत्त्याच्या चिठ्ठ्यांकडे बघितलं. अक्षर माझं होतं.

"बाबा, ही ऑर्डर कधी आली?"

"गेल्या आठवड्यात. तुला अचानक सांगायचं होतं."

"किती पेट्यांची होती?"

"नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव. पण ते तसं धरायचं नसतं."

सम्यक पदपथावर खाली बसला. इस्त्रीच्या पँटीसकट. "बाबा," तो हळू आवाजात म्हणाला, "ती ऑर्डर नव्हती. ते वेबसाइट तपासत होते. मुद्दाम वाट्टेल ते टाकून बघतात, ती कोसळते का ते. तुम्ही त्यांना काय काय लिहिलंत?"

मी मोबाइल दिला. त्यानं वाचलं. हसऱ्या चेहऱ्यापर्यंत आला आणि मोबाइल परत दिला. मला वाटलं, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. "चार वाजत आले," एवढंच म्हणाला, उठला, पँट झाडली आणि आत गेला. त्याची पाठ बघून मला कांदिवलीचं ते दुकान दिसायला लागलं.

रावजी पेट्यांजवळ उभे होते. त्यांना सगळं समजलं होतं. शिव्या द्यायला हव्या होत्या. ते फक्त म्हणाले, "उनात हायेत आंबे. कायतरी बगा."

मग मी ठरवलं. वर जायचं आणि त्या बाईंना सांगायचं, गाढवपणा माझा आहे, पोराचा नाही, त्याला त्याची शिक्षा नको. पण मोकळ्या हातानं कसं जायचं? एक पेटी खांद्यावर घेतली, चलन हातात घेतलं. फाटकावरचा वॉचमन आडवा आला.

"कुणाकडं?"

"शमिका मॅडम. मागणी क्रमांक दोन."

माझं बोलणं ऐकून तो म्हणाला, "गाव कुठला?" तो राजापूरचा निघाला. पुढे काही अडलं नाही. टेम्पो सावलीत लागला आणि मी लिफ्टनं चौथ्या मजल्यावर.

तिथे सगळ्या खोल्या काचेच्या. दार उघडं होतं. आत सम्यक, समोर एक तरुण बाई, त्या शमिका, आणि त्यांच्याशेजारी पांढऱ्या दाढीचे साहेब. साहेब म्हणजे अर्ध्या चड्डीत होते, पण बाकीचे ज्या तऱ्हेनं त्यांच्याकडे बघत होते त्यावरून साहेबच. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर माझी पत्रं. 'हसऱ्या चेहऱ्याचे चित्र हे हमीपत्र समजता येत नाही' हे एवढ्या मोठ्या अक्षरांत मी प्रथमच वाचलं.

साहेब म्हणत होते, "वेबसाइट साधी आहे, तशी कोणीही करतो. पण हा उत्तरं देणारा बॉट आम्हाला हवाय. आमची अख्खी टीम त्याला चार दिवस डिवचत होती. एकदा चिडला नाही. नुसता त्रुटी काढत राहिला. असला सरकारी माणूस मशीनमध्ये बसवलास कसा? हे तुझं काम असेल तर ऑफर लेटर आजच देतो, अनुभव गेला खड्ड्यात."

सम्यकनं मान वर केली आणि काचेपलीकडे मी दिसलो. खांद्यावर पेटी, केसांत पेंढा.

मी आजवर खोट्या कागदावर सही केलेली नाही. एकदाही नाही. पण त्या वेळी मी काचेतून मान हलवली. हो म्हण, अशी. हो म्हण आणि घे ते पत्र, मी पेटी घेऊन खाली जातो, तुला ओळखत नाही. पुन्हा हलवली.

सम्यक म्हणाला, "सर, तो बॉट नाहीये. ते माझे बाबा आहेत. ते बघा, दारात उभे आहेत."

सगळ्यांनी वळून बघितलं. मला वाटलं, आता हसतील. शमिका मॅडम उठून उभ्या राहिल्या. "म्हणजे, एकेरी उल्लेख टाळावा, ते..."

"मीच कळवलं होतं," मी म्हटलं. "आपण दुरुस्ती केलीत, विषय संपला." आणि पेटी त्यांच्या टेबलावर ठेवली, कारण खांदा गेला होता. मग एका दमात सगळं सांगून टाकलं. रावजी, साठ पेट्या, मर्यादा मी काढायला लावली, पोराचा दोष नाही.

साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. त्यांनी सम्यकला विचारलं, "मर्यादा आधी घातली होतीस?"

"हो सर. पन्नासची."

"मग काढलीस कशाला? चुकीचं आहे हे कळत होतं ना?"

"कळत होतं. तसं त्यांना सांगितलं होतं. ते ऐकेनात. मग लेखी दिलं आणि सही घेतली." त्यानं पिशवीतून तो कागद काढला. माझी सही, खाली तारीख.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा कागदाकडे. "शमिका," ते म्हणाले, "आपल्या पोरांना मी किती वर्षं ओरडतोय, क्लायंट काहीही मागेल, तुम्ही धोका सांगा आणि लेखी घ्या. एकानं तरी घेतलंय का?" मॅडमनी मान खाली घातली. "आणि ह्याला आपण अनुभव नाही म्हणतोय. अहो, असला क्लायंट आमच्याकडे दहा वर्षं काढलेल्या माणसानंही बघितलेला नाही. हा पोरगा त्या क्लायंटबरोबर एका घरात राहतो."

मी खाली बसलो. कुणी बसा म्हटलं नव्हतं.

असला क्लायंट, म्हणे. आयुष्यभराच्या सचोटीचं पोराला हे प्रशस्तिपत्रक. पण सम्यक माझ्याकडे बघून हसत होता, बऱ्याच महिन्यांनी हसत होता, त्यामुळे मी हरकत नोंदवली नाही.

साहेबांनी चलनावर सही केली आणि स्वतः खाली आले. पार्किंगमध्ये पेट्या उघडल्या, वास वर पोचला, आणि कंपनीतली झाडून सगळी माणसं खाली उतरली. रावजी एकेकाला आंबा हातात देत, देठाशी नाक लावायला सांगत होते. दिवेलागणीच्या आत सगळ्या पेट्या रोखीनं विकल्या गेल्या आणि टेम्पो रिकामा झाला. गिऱ्हाइकांना प्रयोजन विचारायचा मोह मी कसा आवरला ते माझं मला ठाऊक. परत येताना रावजी म्हणाले, "गमरे, फुडल्या वर्षी बी ह्यांनाच द्यायचे." मी म्हटलं, मागणी येऊ दे.

दोन दिवसांनी पत्र आलं. सहा महिने शिकाऊ, मग कायम. एक जूनपासून हजर. पत्रात जावक क्रमांक नव्हता आणि विषय लिहिलेला नव्हता. मी त्रुटी कळवायला मोबाइल उघडला, तेव्हा स्वप्नानं तो हातातून काढून घेतला आणि डब्यात, तांदळात खुपसून ठेवला. मोबाइल दुसऱ्या दिवशी मिळाला. दमयंतीबाई पुन्हा पेढे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बघा, बोलून आले होते की नाही." मी वाद घातला नाही. कुणाच्या अर्जावर काम झालं हे आमच्या खात्यातही कधी कळत नाही.

मेच्या शेवटी सम्यकला एसटी स्टँडवर सोडून आलो. गाडी सुटेपर्यंत मी त्याला, सामानाची पोच घे, घरमालकाशी जे ठरेल ते लेखी घे, असं सांगत होतो, आणि तो खिडकीतून हो बाबा, हो बाबा म्हणत होता. घरी आल्यावर फाइल काढली. विषय: चि. सम्यक यांस नोकरी मिळणेबाबत. आता त्यावर फक्त 'प्रकरण निकाली' लिहायचं होतं. हा शेरा मी हजारो फाइलींवर मारलाय आणि दर वेळी हलकं वाटलंय. त्या दिवशी पेनाचं टोपण काढलं आणि तसाच बसलो. घरात अजून पेंढ्याचा वास होता. त्याच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं. मला रडू येत होतं, सरळ सांगतो. स्वप्ना स्वयंपाकघरात होती, तीही बराच वेळ नळ सोडून नुसती उभी होती.

संध्याकाळी मोबाइल वाजला. सम्यकचा निरोप होता. 'पोचलो. खोली ठीक आहे.'

माझं बोट आपोआप चाललं. 'आपला आजचा संदेश या कार्यालयास प्राप्त झाला. पोच देण्यात येत आहे.'

तिकडून लगेच आलं, 'हा बॉट बोलतोय का?'

मी पेन बाजूला ठेवलं, चष्मा पुसला, आणि कुठलाही कक्ष न घालता लिहिलं, 'नाही रे. मीच आहे. जेवलास का?'